रम समजून घेताना: बाटलीवरचा रंग आणि आकडा कितपत खरा?

मंद्रसप्तक

नमस्कार. गेली काही वर्षे मी रम थोड्या प्रमाणात आणि सावकाश, लक्ष देऊन चाखत आहे. माझे असे मत झाले आहे की जगातल्या मोठ्या मद्यांमध्ये रमइतके वैविध्य क्वचितच दुसऱ्या कशात असेल, आणि रमइतके गैरसमजही क्वचितच दुसऱ्या कशाच्या वाट्याला आले असतील. व्हिस्की चाखणारा माणूस धान्य कोणते, भट्टी कोणती, पिंप कोणते याची चौकशी करतो. रम घेणारा मात्र बहुतेक वेळा 'पांढरी की काळी' एवढेच विचारतो आणि शीतपेयात मिसळून मोकळा होतो.

रंग हा रमबद्दल सर्वांत कमी सांगणारा गुण आहे, असे मी आता ठामपणे म्हणतो. पाण्यासारखी पारदर्शक दिसणारी रम ओकच्या पिंपात दोन-तीन वर्षे मुरवून मग कोळशातून गाळलेली असू शकते. उलट काळीकुट्ट रम जेमतेम मुरलेली आणि जळक्या साखरेने रंगवलेली असू शकते. मूळ द्रव्य एकच आहे, ऊस. पण त्या उसाचा ताजा रस आंबवला की साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी, ती किती दिवस आंबवली, ऊर्ध्वपातन तांब्याच्या बुटक्या भांड्यात एकेक घाणा घालून झाले की उंच स्तंभात अखंड चालले, आणि पिंपे उष्ण हवेत मुरली की थंड, यांवर ग्लासात काय येणार ते ठरते. यांपैकी फार थोडे बाटलीवर लिहिलेले असते.

माझे दोन प्रश्न आहेत. आपण रम चाखताना नेमके काय पाहता? आणि जी रम मुळात मिसळण्यासाठीच बनवली गेली, तिला नुसती चाखून हलकी ठरवणे न्याय्य आहे का?

पाचोळा

मी आजवर रम नेहमी मिसळूनच घेतली आहे, त्यामुळे हा धागा माझ्यासारख्यांसाठीच आहे असे समजतो. नुसत्या रमचा पहिला घोट घेतला की मला फक्त जळजळ जाणवते. तिच्यापलीकडे चव आहे, हे ओळखायचे कसे?

रसायन

मंद्रसप्तक, आपण मांडलेल्या गोष्टींत मी सर्वाधिक महत्त्व किण्वनाला देतो, कारण ऊर्ध्वपातन नवा सुगंध फारसा निर्माण करत नाही, आंबवणीत जे तयार झाले त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे एवढेच ते मुख्यतः ठरवते. हलक्या रमसाठी मळी साधारण एक ते दोन दिवस आंबवतात. जमैकातल्या जुन्या पद्धतीच्या डिस्टिलरींत हेच काम दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक चालते, आणि त्यात हवेतल्या व लाकडी टाक्यांतल्या यीस्टला व जिवाणूंना मोकळे रान मिळते. आधीच्या घाण्यानंतर भट्टीच्या तळाशी उरलेला आम्लधर्मी द्रव, ज्याला तिथे डंडर म्हणतात, तोही पुढच्या आंबवणीत वापरला जातो.

याहून पुढची पायरी म्हणजे 'मक पिट', म्हणजे भट्टीतले टाकाऊ द्रव्य कुजवत ठेवण्याचा खड्डा. या खड्ड्यातल्या रबडीत जिवाणू ब्युटिरिक आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाचा स्वतंत्र वास खवट लोण्यासारखा असतो. मात्र तेच आम्ल आंबवणीत अल्कोहोलशी जोडले गेले की इथाइल ब्युटिरेट हे एस्टर, म्हणजे सुगंधी संयुग, तयार होते, ज्याला चक्क पिकलेल्या अननसाचा वास येतो. आयसोअमाइल अॅसिटेट असेल तर केळे आठवते. रममध्ये फळे कोणी घातलेली नसतात, तरी ती नाकाला सापडतात याचे कारण हे आहे, आणि मला या रूपांतराचे आजही तितकेच अप्रूप वाटते.

जमैकातल्या हॅम्पडेन डिस्टिलरीत प्रत्येक प्रकाराला एस्टरच्या प्रमाणानुसार खूण दिलेली असते. 'डीओके' ही तिथली सर्वांत तीव्र खूण आहे, आणि तिच्यात शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक हेक्टोलिटरमागे १५०० ते १६०० ग्रॅम एस्टर असतात. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर यातच आहे. अशा तीव्र रमला जर्मनीत मोठी मागणी होती, कारण तिथल्या आयात शुल्कामुळे थोडीशी अतिसुगंधी रम आणून ती तटस्थ अल्कोहोलमध्ये मिसळणे परवडत असे. त्या मिश्रणाला 'फरश्निट' म्हणतात आणि त्यातले किमान ५ टक्के अल्कोहोल रममधून आलेले असावे लागते. म्हणजे आज जाणकार ज्या रमची थेंब-थेंब चव घेतात, ती मुळात मिसळण्यासाठीच जन्माला आली होती.

शब्दवेल्हाळ

थोडे शब्दांविषयी लिहितो. सतराव्या शतकाच्या मध्यास बार्बाडोसमध्ये या मद्याला 'किल-डेव्हिल' आणि 'रंबुलियन' अशी नावे होती, आणि दुसऱ्या शब्दाचे आखूड रूप म्हणजे 'रम' असे सामान्यतः मानतात. फ्रेंचांनी त्यात एक 'एच' घालून आपले वेगळे स्पेलिंग केले, स्पॅनिश भाषेत 'रॉन' झाले.

पण उसापासून मद्य करण्याची कल्पना कॅरिबियनमध्ये जन्मली, असे म्हणता येत नाही. संस्कृत ग्रंथांत सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी गौडी ही गुळाची. आणि उसाच्या रसाच्या मद्याला 'सीधु' असा स्वतंत्र शब्द आहे. रमचे मूळ तिथपर्यंत न्यावे, असे मला वाटते.

साक्षेप

शब्दवेल्हाळ, माहिती मोलाची आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. गौडी आणि सीधु ही आंबवलेली पेये होती. रमची व्याख्या ऊर्ध्वपातनाशिवाय पूर्ण होत नाही, आणि शिवाय रम म्हणून ओळखली गेलेली वस्तू साखर कारखानदारीच्या टाकाऊ मळीतून उभी राहिली. त्यांना पूर्वज म्हणा, मूळ म्हणू नका.

मळीची गोष्ट निघालीच आहे, तर रमच्या रसग्रहणात जे सहसा गाळले जाते ते इथे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस हिस्पॅनिओला बेटावर नेला. पुढच्या दोन शतकांत कॅरिबियन बेटांवर जे साखरेचे मळे पसरले, ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत होते. ऊस तोडणारे, चरकात घालणारे, रस उकळणारे आणि मळी आंबवून भट्टी लावणारे हात त्यांचेच होते. मळी न्यू इंग्लंडला जाई, तिथे रम बने, आणि त्या रमच्या बदल्यात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी माणसे विकत घेतली जात. ब्रिटिश संसदेने १७३३ च्या कायद्याने परक्या वसाहतींतल्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स कर लावला, तेव्हा न्यू इंग्लंडचे व्यापारी सर्रास चोरट्या आयातीकडे वळले. मळीवरून पेटलेले ते भांडण अमेरिकन असंतोषाच्या मुळांपैकी एक आहे.

बार्बाडोसच्या माउंट गे डिस्टिलरीचा सर्वांत जुना दस्तऐवज १७०३ सालचा आहे आणि त्याचा उल्लेख अभिमानाने केला जातो. तो अभिमान योग्यच आहे; पण ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपायला १८३४ साल उजाडले आणि क्यूबात तर १८८६, हेही त्याच श्वासात आठवले पाहिजे. मी रम चाखतो आणि मला ती मनापासून आवडते. म्हणूनच ती कोणी घडवली हे मला विसरायचे नाही.

ऋतुगंध

साक्षेप यांच्या लिखाणाला एक जोड देते. ब्रिटिश गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी भारतातून करारबद्ध मजूर नेले. ब्रिटिश गयानात पहिली जहाजे १८३८ मध्ये पोहोचली आणि १९१७ पर्यंत दोन लाखांहून अधिक माणसे तिथे गेली. तिथल्या डेमेरारा रमचा कणा म्हणजे जुन्या मळ्यांवरून वाचवून आज डायमंड डिस्टिलरीत एकत्र आणलेल्या भट्ट्या. त्यांत पोर्ट मोरंटची लाकडी दुहेरी पॉट स्टिल आहे, व्हर्सायची एकेरी लाकडी पॉट स्टिल आहे आणि एन्मोरची लाकडी कॉफी (Coffey) स्टिल, म्हणजे अखंड चालणारी स्तंभ-भट्टीही आहे. ग्रीनहार्ट नावाच्या टणक लाकडाच्या या भट्ट्या अजून चालू आहेत. पोर्ट मोरंटच्या रमला ज्येष्ठमध आणि जुन्या लाकडी कपाटासारखा एक गंभीर वास असतो, जो मला इतर कुठेही सापडलेला नाही.

आणि एक गोष्ट मंद्रसप्तक यांच्या मूळ लेखात एका वाक्यात उरकली गेली, ती म्हणजे ताज्या रसाची रम. मार्टिनिक आणि ग्वाडलूप या फ्रेंच बेटांवर युरोपातल्या बीटसाखरेमुळे एकोणिसाव्या शतकात ऊससाखरेचे भाव कोसळले, तेव्हा अनेक मळेवाल्यांनी साखर करण्याचा नाद सोडून रस थेट आंबवायला घेतला. तोडलेला ऊस लवकर चरकात घालावा लागतो, नाहीतर रस खराब होतो, म्हणून ही रम तोडणीच्या हंगामातच बनते. मार्टिनिकच्या रमला १९९६ मध्ये फ्रान्सने 'एओसी' हा ठरावीक प्रदेशाशी आणि पद्धतीशी बांधलेला दर्जा दिला, आणि त्या नियमांनुसार ऊर्ध्वपातन ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यानच थांबवावे लागते, जेणेकरून उसाची जात आणि माती यांचा ठसा पुसला जाऊ नये. न मुरवलेल्या अशा रमचा वास घेतला की ओले गवत, हिरवा ऊस आणि किंचित मिरी यांची आठवण होते. 'रम म्हणजे गोड' हे ज्यांच्या मनात पक्के बसले आहे, त्यांनी पहिली तीच चाखावी.

जुने गलबत

रम म्हटले की आरमार येणारच, आणि आरमाराविषयी जे सांगितले जाते त्यात दंतकथाच अधिक असतात, म्हणून थोडे तपशील देतो.

ब्रिटिशांनी १६५५ मध्ये जमैका घेतल्यानंतर खलाशांना बिअर व ब्रँडीऐवजी रम दिली जाऊ लागली, कारण ती हाताशी होती आणि पिंपात नासत नव्हती. १७३१ च्या नियमांत दररोज अर्धा पाइंट असे प्रमाण आले. व्हाइस अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी १७४० मध्ये ती एक क्वार्ट पाण्यात मिसळून दिवसातून दोनदा वाटण्याचा हुकूम काढला. ते ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा घालत, त्यावरून त्यांना 'ओल्ड ग्रॉग' म्हणत आणि पातळ केलेल्या रमला 'ग्रॉग' हे नाव मिळाले. वाटप कमी होत होत एक अष्टमांश पाइंटवर, म्हणजे सुमारे ७१ मिलीलिटरवर आले आणि ३१ जुलै १९७० रोजी कायमचे बंद झाले. आरमाराच्या इतिहासात तो दिवस 'ब्लॅक टॉट डे' म्हणून नोंदला गेला आहे.

दोन दुरुस्त्या कराव्याशा वाटतात. 'नेव्ही स्ट्रेंग्थ' म्हणून ५७ टक्क्यांच्या बाटल्या विकल्या जातात. तो आकडा प्रत्यक्षात 'प्रूफ' या मद्याची तीव्रता मोजण्याच्या जुन्या ब्रिटिश मापातल्या १०० चा आहे, आणि आरमाराच्या शेवटच्या काळातली रम ९५.५ प्रूफ, म्हणजे सुमारे ५४.५ टक्के होती. दुसरे, रमला 'नेल्सनचे रक्त' म्हणतात, कारण ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत मारले गेलेले ब्रिटिश सेनानी नेल्सन यांचे शव रमच्या पिंपात ठेवून आणले अशी समजूत आहे. ते पिंप ब्रँडीचे होते.

पाचोळा

जुने गलबत, थंड समुद्रावर खलाशांना ऊब मिळावी म्हणून रम देत असत, असे मी ऐकले होते. ते खरे आहे का?

रसायन

ऊब जाणवते, पण मिळत नाही. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे कातडीला उष्ण वाटते आणि त्याच वेळी शरीराच्या आतली उष्णता वेगाने बाहेर पडते. कडाक्याच्या थंडीत हे धोक्याचे आहे. रम चवीसाठी घ्यावी, औषध म्हणून नव्हे.

उंबरठा

चर्चा उत्तम चालली आहे; परंतु शीर्षकातला 'आकडा' हा मुद्दा अजून कोणी उचललेला नाही.

लेबलवरचे वय दोन कारणांनी फसवते. एक म्हणजे हवामान. उष्ण कटिबंधात पिंपातून दरवर्षी साधारण ६ ते ८ टक्के द्रव उडून जातो, तर स्कॉटलंडसारख्या थंड प्रदेशात सुमारे २ टक्के. त्यामुळे कॅरिबियनमधली आठ वर्षांची रम आणि थंड देशात नेऊन मुरवलेली आठ वर्षांची रम यांची तुलना केवळ आकड्यावरून होत नाही. दुसरे म्हणजे तो आकडा कशाचा, हे सर्वत्र सारखे नाही. बार्बाडोस व जमैका येथे तो मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या रमचा असतो. सोलेरा पद्धतीत, जिथे नव्या-जुन्या रम पिंपांच्या साखळीतून मिसळत नेतात, आकडा सर्वांत जुन्या थेंबाचाही असू शकतो. ग्वाटेमालाच्या झाकापा २३ मधल्या रम ६ ते २३ वर्षांच्या आहेत, असे उत्पादकच सांगतात. यात लपवाछपवी नाही, मात्र ग्राहक तो आकडा व्हिस्कीच्या सवयीने वाचतो.

त्याहून गंभीर प्रश्न साखरेचा आहे. ऊर्ध्वपातन झालेल्या रममध्ये साखर उरत नाही. मळी कितीही गोड असली तरी साखर वाफेबरोबर वर जात नाही. तरीही अनेक 'प्रीमियम' रम सरबतासारख्या लागतात, कारण त्यांत ती नंतर मिसळलेली असते. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमांत रमसाठी लिटरमागे २० ग्रॅमची मर्यादा घातली. बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर डिस्टिलरीचे रिचर्ड सील अनेक वर्षे या मिसळीविरुद्ध जाहीरपणे बोलत आले आहेत आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. साखर जळजळ झाकते, उणिवा झाकते आणि पाचोळा यांच्यासारख्या नवख्या माणसाला अशी समजूत करून देते की हीच उत्तम रमची मऊ चव. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजून अल्कोहोलचे प्रमाण दाखवणारे उपकरण, जवळ असेल तर तपासता येते: साखरेने द्रवाची घनता वाढते, त्यामुळे उपकरण लेबलवरच्यापेक्षा कमी अल्कोहोल दाखवते.

ऋतुगंध

उंबरठा, तत्त्व मान्य आहे, पण आपण थोडे कठोर होत आहात असे वाटते. मला रमची गोडी लागली ती अशाच एका गोड केलेल्या बाटलीमुळे. ती नसती तर मी पोर्ट मोरंटपर्यंत कधीच पोहोचले नसते. साखर घातली आहे हे लेबलवर स्पष्ट लिहिले, तर माझी तक्रार उरत नाही.

उंबरठा

लेबलवर लिहिण्याच्या अटीवर मी माझे म्हणणे सौम्य करतो. न लिहिता घालणे मात्र मला अजूनही फसवणूकच वाटते.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाचोळा यांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले, ते आता देतो.

तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्यावा, रम पंधरा-वीस मिलीलिटरच ओतावी आणि बर्फ घालू नये, कारण थंडीने सुगंध दबतात. दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. मग ग्लास हनुवटीशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हळूच वास घ्यावा. नाक थेट आत खुपसले तर अल्कोहोलच्या झोताने ते बधिर होते. पहिला घोट फक्त जिभेला सवय लावण्यासाठी असतो, त्यावरून काहीही ठरवू नये. दुसरा लहान घोट तोंडात फिरवावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा, कारण बरीचशी चव त्या श्वासात असते. ५० टक्क्यांच्या पुढची रम असेल तर चमच्याने थोडे-थोडे पाणी घालत जावे, आणि प्रत्येक वेळी वास कसा बदलतो ते पाहावे. शक्य असल्यास तीन वेगळ्या घराण्यांच्या रम शेजारी ठेवून चाखाव्यात, एक-एक वेगवेगळ्या दिवशी नव्हे. फरक शेजारी ठेवल्यावरच कळतो. आणि रिकामा ग्लास लगेच धुऊ नये. सकाळी त्याचा वास घ्यावा.

क्यूबन शैलीच्या हलक्या रमविषयी या धाग्यावर कोणी फारसे लिहिले नाही, याची थोडी खंत वाटली. सांतियागो दे क्यूबा येथे १८६२ मध्ये फाकुंदो बाकार्दी मासो यांनी निवडक यीस्ट आणि कोळशाची गाळणी वापरून जी स्वच्छ रम घडवली, तिने जगाची चव बदलली. ती मुद्दाम मितभाषी केलेली आहे. डायकिरी हे मिश्रण त्याच परिसरातल्या खाणींच्या गावाच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच हलक्या रमच्या आधारावर उभे राहिले. म्हणूनच मिसळण्याविषयीचा माझा दुसरा प्रश्न मला अजून महत्त्वाचा वाटतो.

पाचोळा

तीन आठवड्यांनी परत येत आहे. मंद्रसप्तक यांनी सांगितल्याप्रमाणे एका संध्याकाळी दोन मित्रांबरोबर तीन रम शेजारी ठेवल्या: क्यूबन शैलीची हलकी, मार्टिनिकची रसाची न मुरवलेली, आणि जमैकाची पॉट स्टिलची. प्रत्येकी पंधरा मिलीलिटर, त्याहून अधिक नाही.

पहिल्या घोटाला नेहमीचीच जळजळ होती. दुसऱ्या घोटाला मार्टिनिकच्या रममध्ये नुकत्याच सोललेल्या उसाचा वास इतका स्पष्ट आला की आम्ही तिघेही एकदम बोललो. जमैकाच्या रमने एका मित्राला घाबरवले. त्याला ती रंगाच्या डब्यासारखी वाटली. मला मात्र चमचाभर पाणी घातल्यावर रसायन यांनी लिहिलेला अननस सापडला, आणि त्यामागे पिकून काळे पडलेले केळेही. हलकी रम या दोघींच्या शेजारी जवळजवळ गप्प होती, आणि तिला मी मनातल्या मनात सर्वांत खाली ठेवले.

मग उरलेल्या रमच्या आम्ही लिंबाचा रस आणि साखर घालून तीन लहान डायकिरी केल्या. मार्टिनिकची छान झाली. जमैकाच्या रमपुढे लिंबू टिकलेच नाही. हलक्या रमच्या डायकिरीत मात्र लिंबू, साखर आणि रम हे तिन्ही एकमेकांत असे बसले की ग्लास आधी तोच संपला. मी लावलेला क्रम तिथेच मोडला.

सकाळी तिन्ही रिकाम्या ग्लासांचा वास घेतला. हलक्या रमच्या ग्लासात काहीच नव्हते, मार्टिनिकच्या ग्लासात वाळलेल्या गवताचा वास होता, आणि जमैकाच्या ग्लासात अननस अजून तसाच होता.